जुन्या बुलेटला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवताना: आधी मीटर, मग रिले, मग हॉर्न

माझी बुलेट नव्वदच्या दशकातली आहे, ३५० ची, कास्ट आयर्न इंजिन, उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक, किक मारूनच चालू होणारी. इंजिनाचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो आणि हॉर्न मात्र सर्दी झालेल्या बेडकासारखा. गावात चालून जायचं. पण खंबाटकीच्या घाटात एकदा शेजारून ट्रक हळूहळू माझ्या अंगावर सरकायला लागला आणि मी अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून धरलं तरी त्याला पत्ताच नाही, काचा वर, आत गाणी चालू, शेवटी मीच कच्च्यात उतरलो. त्या दिवशी ठरवलं, आता काहीतरी करायचंच.

आणि मग मी तेच केलं जे सगळे करतात. दुकानात गेलो, डबल हॉर्न घेतले, जुन्या हॉर्नच्या दोन वायरी काढून नव्यांना जोडल्या. दोन दिवस मस्त वाजले, तिसऱ्या दिवशी आवाज बसला आणि पंधरा दिवसांत हँडलवरच्या बटणाचा आतला पत्रा जळून काळा पडला. चूक हॉर्नची नव्हती, माझी होती. म्हणून हा लेख जरा लांबण लावून लिहितोय, कारण यूट्यूबवर "पाच मिनिटांत बसवा" वाले व्हिडिओ जे सांगत नाहीत तेच यातलं खरं काम आहे.

आधी बघा, हॉर्न खरंच कमजोर आहे का

दहातल्या निम्म्या जुन्या गाड्यांमध्ये हॉर्न ठीक असतो, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसतो. हे शोधायला तीनचारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो (पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाईन), तो घ्याच, जुनी गाडी ठेवायची आणि मीटर नाही म्हणजे घरात लहान मूल आणि थर्मामीटर नाही असं होतं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन बंद, चावी चालू. मित्राला किंवा पोराला बटण दाबायला लावा. बटण दाबलेलं असतानाच सगळी मापं घ्यायची, हे महत्त्वाचं, कारण बटण सोडलेलं असताना सगळीकडे बारा व्होल्ट दिसतात आणि आपण फसतो. पहिलं माप बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. दुसरं हॉर्नच्या दोन टर्मिनलवर. माझ्या गाडीत बॅटरीवर १२.४ होते आणि हॉर्नवर फक्त ९. म्हणजे ३.४ व्होल्ट वाटेतच गेले. हॉर्नला नऊ व्होल्ट दिले तर तो नऊ व्होल्टचाच वाजणार, त्याचा काय दोष.

आता गळती कुठे आहे ते शोधायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पिन हॉर्नच्या प्लस टर्मिनलवर लावा, बटण दाबा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या रस्त्यात, म्हणजे इग्निशन स्विच, कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लॅस्टिकचे जोड), जुनी वायर यात खर्च होतायत. मग लाल पिन हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलवर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर, परत बटण दाबा, ही अर्थिंगच्या बाजूची, म्हणजे हॉर्नपासून बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या रस्त्यातली गळती. माझ्याकडे प्लसला १.३ आणि अर्थिंगला २.१ निघाले. एवढे अर्थिंगला का, तर बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हॉर्नला प्लस कायम आलेला असतो आणि बटण त्याला फक्त अर्थ देतं. तो अर्थ कुठून येतो? बटणातून हँडलला, हँडलमधून क्लॅम्पला, तिथून फोर्कला आणि फोर्कमधून स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बॉलबेअरिंगमधून चासीला. वरून कुणीतरी हौसेनं पावडर कोटिंग केलेलं असेल तर बघायलाच नको.

तर पहिला उपाय फुकटचा आहे. बटण उघडा, आतला पत्रा पॉलिश पेपरनं हलका घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हॉर्नचे टर्मिनल, बॅटरीचे टर्मिनल, चासीचा अर्थ बोल्ट, सगळं चकचकीत करा. हँडलच्या क्लॅम्पखालून चासीपर्यंत एक वेगळी अर्थची वायर टाका, आणि ती टाकताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा की ती ताणली जात नाही. एवढ्यानंच माझा जुना हॉर्न बराच जागा झाला. काही लोकांचं काम इथेच संपेल, त्यांनी खुशाल इथे वाचणं थांबवावं.

जुन्या हॉर्नचा स्क्रू

हॉर्न गाडीवरून काढा आणि दोन जाड वायरींनी थेट बॅटरीला लावून बघा, मध्ये एक फ्यूज ठेवा. थेट लावून पण आवाज घोगरा येत असेल तर आतली सेटिंग गेलेली असते. डिस्क हॉर्नमध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो, तो पत्र्याचा पडदा ओढतो, पडदा ओढला की आतले पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट परत मिटतात, आणि हे सेकंदाला चारेकशे वेळा होतं, तोच आवाज. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक वेळा त्यावर रंग किंवा लाख लावलेली असते. तो या पॉइंटचं अंतर ठरवतो.

आधी स्क्रू कुठे होता त्याची मार्करनं खूण करा. मग थोडा थोडा, पाव फेऱ्याच्याही निम्मा, एका बाजूला फिरवा आणि अर्धा सेकंद वाजवून ऐका. आवाज सुधारला तर त्याच बाजूला अजून थोडा, बिघडला तर उलटा. नुसतं "टक" होऊन आवाज येत नसेल तर लगेच हात काढा, कारण पॉइंट उघडतच नाहीयेत, करंट सलग चाललाय आणि कॉइल तापतेय. असा हॉर्न दहा सेकंद धरून ठेवलात तर तो कायमचा जातो. सगळ्यात खणखणीत जागा सापडली की नेलपॉलिशचा एक थेंब टाकून स्क्रू सील करा. बायकोची नेलपॉलिश विचारून घ्या, हा पण अनुभवच आहे.

कुठला हॉर्न घ्यायचा

बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात. एक म्हणजे चपटे डिस्क हॉर्न, जोडीत मिळतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक आवाजाचा. दुसरे गोगलगाईसारखे वळलेल्या नळीचे, त्याला दुकानात विंडटोन म्हणतात, कारमध्ये असतात तसे. आणि तिसरे छोट्या पंपावर चालणारे एअर हॉर्न.

एअर हॉर्न मी सरळ बाद केला. पंप मोटर बरीच करंट खाते, जागा अडवते, बटण दाबल्यावर आवाज यायला किंचित वेळ लागतो, आणि जुन्या गाडीवर तो लाल डबा दिसतो पण वाईट. एसटी, ट्रकवाल्यांसारखा प्रेशर हॉर्न तर विषयच नको, त्याचं कायद्याचं मी खाली सांगतो.

विंडटोनचा आवाज गोल आणि भारदस्त असतो, लोक कार आली समजून वळून बघतात, ही मजा वेगळीच. पण आकार मोठा, आणि पावसात नळीत पाणी जाण्याची भीती. डिस्क हॉर्नचा आवाज जास्त टोकदार, आकार लहान, जुन्या गाडीवर शोभतात. बुलेटला क्रॅश गार्डच्या आड विंडटोन लपतात म्हणून मी विंडटोन घेतले. येझदी, जावाला जागाच कमी, तिथे ९० मिलिमीटरची डिस्क जोडी बरी.

जोडीच का? दोन वेगळ्या सुरांचे हॉर्न एकत्र वाजले की कान तो आवाज गर्दीतून पटकन वेगळा काढतो, एकाच सुराचा हॉर्न इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात विरघळून जातो. त्यामुळे दोन एकसारखे हॉर्न घेऊ नका, डब्यावर एकावर हाय आणि एकावर लो असं लिहिलेलं बघा. दोन एकसारखे हॉर्न लावून आवाज तीनच डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात. "डबल लावला म्हणजे डबल आवाज" हे गणित म्हणूनच चुकतं.

डब्यावरच्या डेसिबलचं पण एक सांगतो. तिथे मोठ्या अक्षरात ११८ वगैरे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा दोन मीटरवरून मोजलेलं असतं. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे दोन मीटरवर ११८ असलेला हॉर्न सात मीटरवर साधारण १०७ वर येतो. आणि डब्यावर अँपिअर किती लिहिलेत ते न विसरता बघा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे. माझी जोडी मिळून साधारण नऊ अँपिअर घेते. जुना एकटा डिस्क हॉर्न तीनचार अँपिअरवर भागवायचा, आणि जुन्या गाडीचं बटण, वायर, इग्निशन स्विच तेवढ्याच हिशोबानं बनवलेले होते. माझं बटण का जळलं ते आता कळलं असेल.

रिले म्हणजे काय आणि का

रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच. बटणातून फक्त रिलेची कॉइल चालते, तिला ०.२ अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि हॉर्नचा नऊ अँपिअरचा लोंढा बॅटरीतून थेट रिलेमार्गे हॉर्नला जातो. बटण म्हातारं असलं तरी त्याला काही झेपायचं शिल्लक राहत नाही.

साधा चार पिनचा ऑटो रिले घ्या, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा, आणि त्याचा सॉकेट वायरीसकट घ्या. पिनांजवळ आकडे कोरलेले असतात: ८५, ८६, ३०, ८७. पाच पिनचा मिळाला तर मधली ८७ ए नावाची पिन मोकळी सोडा, तिला काहीही लावायचं नाही, ती बटण न दाबता चालू असणारी पिन आहे, चुकून तिथे हॉर्न जोडलात तर बॅटरी लावल्या लावल्या हॉर्न सुरू होईल आणि शेजारी बाहेर येतील.

बाकी सामान: ब्लेड फ्यूजचा वॉटरप्रूफ होल्डर आणि १५ अँपिअरचे दोन फ्यूज, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची ऑटो वायर लाल आणि काळी, साधारण दोन दोन मीटर, हॉर्नच्या फाट्यांसाठी दीड एमएमची थोडी, थिंबल आणि स्पेड टर्मिनल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची गोल आणि चपटी टोकं), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), नायलॉन टाय, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीनं ढिले न होणारे). वायर जाड का ते पण बघा. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा एक मीटरला रोध साधारण ०.०१७५ ओहम. जाऊन येऊन तीन मीटर धरले आणि वायर अर्ध्या एमएमची असेल तर नऊ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वायरच खाते. अडीच एमएमला तेच पाव व्होल्टाच्या आत येतं. घरातली फिटिंगची एकसंध तार वापरू नका, बुलेटच्या थरथरीनं ती तुटते, बारीक तारांची लवचिक वायरच पाहिजे.

बसवायची जागा

आता हत्यारं काढा. सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढायची, आणि गाडीचा मायनस चासीला असेल तर आधी मायनस. म्हणजे नंतर प्लस खोलताना पाना चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

जुना हॉर्न मी काढलाच नाही. तो जागेवर तसाच आहे, दिसायला. नवी जोडी क्रॅश गार्डच्या आत, डाउनट्यूबच्या (चासीची इंजिनापुढची उभी नळी) दोन बाजूंना क्लॅम्पवर बसवली. चासीला ड्रिल मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक म्हणजे नळी कमजोर होते आणि आतून गंजते, आणि दुसरं, २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. क्लॅम्पला भोक लागत नाही, उद्या काढला तर खूण पण राहत नाही. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला, रंग वाचतो.

हॉर्नसोबत जी पातळ पोलादी पट्टी येते, कधी दोनतीन पट्ट्या एकावर एक असतात, ती फेकून देऊन हॉर्न थेट घट्ट बोल्टला आवळू नका. ती पट्टी मुद्दाम लवचिक केलेली असते, डिस्क हॉर्नला कंप करायला मोकळीक लागते, दगडासारखा आवळला तर आवाज दबतो. हॉर्नच्या कडा कुठल्याच लोखंडाला लागत नाहीत ना ते पण बघा.

विंडटोनचं तोंड पुढे आणि किंचित खाली झुकवा. वर तोंड केलं की पहिल्याच पावसात नळी भरते. आणि सगळं आवळल्यावर हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क जोरात दाबा, मडगार्ड वर येऊन हॉर्नला लागतंय का ते बघा. आमच्या ओळखीतल्या एकानं हे बघितलं नाही आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्याच्या मडगार्डला सुंदर पोचा आला.

नट नायलॉकच वापरा. सिंगल सिलिंडर गाडी साधा नट महिन्याभरात रस्त्यावर पेरते.

वायरिंग

हे ऐकायला अवघड वाटतं पण चारच पिना आहेत.

जुन्या हॉर्नवरून ज्या दोन वायरी निघाल्या त्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला जातील. बस. तुमच्या गाडीत बटण अर्थ देतं का प्लस देतं याचा विचार करायची गरजच नाही, कारण त्या दोन वायरींनी आधी हॉर्न वाजवला होता, आता त्याच रिलेची कॉइल ओढतील. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू नका, त्याच टर्मिनलांना जुळणारे स्पेड लावून तिथून रिलेपर्यंत पातळ वायर न्या. रिलेवर छोट्या डायोडचं चित्र असेल तर मात्र प्लस मायनस चित्राप्रमाणेच लावायचं, नाहीतर फ्यूज किंवा डायोड जाईल. साध्या रिलेला काही फरक पडत नाही.

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज होल्डर, आणि तो बॅटरीपासून एका वितीच्या आत पाहिजे. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, हॉर्नचं नाही. बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कुणी नाही, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. फ्यूजपासून अडीच एमएमची लाल वायर रिलेच्या ३० ला. ८७ पासून तशीच लाल वायर पुढे हॉर्नपर्यंत, आणि तिथे दीड एमएमचे दोन फाटे दोन हॉर्नच्या एकेका टर्मिनलला. दोघांची उरलेली टर्मिनलं काळ्या वायरनं एकत्र करून ती वायर परत बॅटरीच्या मायनसला. अर्थ चासीच्या कुठल्यातरी बोल्टला दिला तरी हॉर्न वाजतो, पण रंग, गंज, ग्रीस या भानगडीतून आत्ताच बाहेर पडलोय, परत कशाला जायचं, दीड मीटर वायर जास्त लागते एवढंच. काही हॉर्नना एकच टर्मिनल असतं, त्यांचा अर्थ बॉडीतून पट्टीमार्गे जातो, तिथे ती काळी वायर पट्टीच्या बोल्टखाली थिंबल लावून आवळा.

बुलेटवाल्यांसाठी: हेडलाईटच्या टोपीवरचा ॲमीटर या लाईनमध्ये आणू नका. थेट बॅटरीवरून घेतलं की हॉर्नचा लोड ॲमीटरला दिसत नाही, आणि तेच बरोबर आहे, नाहीतर प्रत्येक पोंऽऽ ला काटा टोकाला आपटेल.

वायर टाकीखालून न्यायची, त्यासाठी टाकी काढलीत तर काम सोपं होतं. पेट्रोल कॉक बंद, पाइप काढा, टाकीचे बोल्ट काढा, टाकी गादीवर ठेवा. वायर वरच्या ट्यूबच्या कडेनं मूळ हार्नेसच्या सोबत टायनं बांधत न्या, सिलिंडरच्या हेडपासून लांब. टाकीच्या खालच्या धारदार कडेला घासेल अशा जागी वरून स्लीव्ह घाला. माझ्या पहिल्या जुगाडात फ्यूजही नव्हता आणि स्लीव्हही नव्हती, आणि ती वायर नेमकी तिथेच घासून सोलली होती, चासीला टेकली असती तर पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी. काढताना बघितलं आणि घाम फुटला.

जोड पिळून चिकटपट्टी मारू नका. थिंबलला चांगल्या क्रिंपरनं दाबा, पक्कडीनं चेपलेलं थिंबल महिन्यात ढिलं होतं. रिले सीटखाली बॅटरीजवळ, पिना खाली येतील असा लावा आणि वायरी थोड्या खाली लोंबवून मग वर आणा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून रिलेत न शिरता खालीच पडतं.

आता बॅटरी जोडा, आधी प्लस, शेवटी मायनस, फ्यूज सगळ्यात शेवटी. चावी फिरवून बटण दाबा. रिलेची बारीक "टिक" आणि पाठोपाठ खणखणीत आवाज. परत मीटर लावून बघा, माझ्याकडे बॅटरीवर १२.१ असताना हॉर्नवर ११.८ येतात. आधीचे नऊ आठवा.

गडबड झाली तर

टिक येते पण हॉर्न गप्प: ३० वर बारा व्होल्ट आहेत का बघा, नसतील तर फ्यूज. असतील तर ८७ आणि हॉर्नचा अर्थ.

टिकच येत नाही: ८५ आणि ८६ च्या मध्ये बटण दाबून मीटर लावा. तिथे काही नाही म्हणजे दोष जुन्या बाजूलाच, चावी, बटण, कपलर.

रिले टकटकटक करतो आणि हॉर्न बोबडा वाजतो: बॅटरी झोपलीय. हॉर्ननं करंट ओढला की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, रिले परत ओढतो. लोक रिले बदलत बसतात.

हॉर्न बंदच होत नाही: बहुतेक हँडलमधली बटणाची वायर सोलून हँडलला लागलेली असते. फ्यूज उपसा आणि मग शांतपणे शोधा. पिन ३० ला चावी बंद असतानासुद्धा करंट असतो, म्हणून फ्यूज होल्डर हात पोचेल अशा जागी ठेवायचा, सीटचे चार बोल्ट खोलून नाही.

एक शंका सगळे विचारतात, एवढ्या मोठ्या हॉर्ननं बॅटरी उतरेल का. नऊ अँपिअर एक सेकंद म्हणजे ०.००२५ अँपिअर अवर. शंभर वेळा वाजवलात तर पाव अँपिअर अवर. माझी बॅटरी नऊ अँपिअर अवरची आहे. तेव्हा बॅटरी उतरत असेल तर चार्जिंग बघा, हॉर्नला बोल लावू नका.

६ व्होल्टवाले आणि बाकीचे

जावा, जुनी येझदी, राजदूत १७५, जुन्या बुलेट, यातल्या बऱ्याच ६ व्होल्टच्या. तिथे १२ व्होल्टचा हॉर्न नुसता खाकरतो आणि १२ व्होल्टचा रिले ओढतच नाही. ६ व्होल्टचा रिले आणि ६ व्होल्टचाच हॉर्न लागतो, तो नाना पेठेत किंवा जुन्या पार्टवाल्यांकडे शोधावा लागतो. आणि तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो, म्हणून वायर अजून जाड. एक व्होल्ट वाटेत गेला तर बारातून एक जाणं आणि सहातून एक जाणं यात किती फरक आहे बघा, म्हणून ६ व्होल्टवर रिले आणि जाड वायरचा फायदा सगळ्यात जास्त जाणवतो. माझं मत विचाराल तर ६ व्होल्टच्या गाडीला मूळ हॉर्न दुरुस्त करून रिलेवर टाका, जोडीच्या नादाला लागू नका. अख्खी गाडी १२ व्होल्टची करणं हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

काही जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये प्लस चासीला असतो. घाबरायचं नाही, हॉर्नला आणि साध्या रिलेला दिशा कळत नाही, फक्त फ्यूज त्या टर्मिनलवर घाला जो चासीला जोडलेला नाही, म्हणजे तिथे मायनसवर. अशा गाडीवर मूळचा ल्युकास या इंग्लिश कंपनीचा आल्टेट हॉर्न असेल तर तो जपून ठेवा, हवं तर नुसता शोभेला, पण भंगारात घालू नका.

आणि बॅटरी नसलेल्या जुन्या बजाज चेतकसारख्या स्कूटरवर यातलं काहीच लागू नाही. तिथे हॉर्न मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) एसी करंटवर चालतो, म्हणूनच इंजिन रेस केलं की त्याचा सूर बदलतो. त्याला डीसी हॉर्न लावलात तर चालणार नाही.

पोलीस आणि शेजारी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा अती कर्कश, दचकवणारा आवाज काढणारं कुठलंही साधन गाडीला लावायचं नाही. म्हणजे दोन सूर एकदम वाजणारी जोडी वेगळी आणि "टिरिरी टिरिरी" वाजणारा म्युझिकल हॉर्न वेगळा, दुसरा सरळ बेकायदेशीर, आणि प्रेशर हॉर्नही या "अती कर्कश" मध्येच येतो. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज सात मीटरवरून मोजतात आणि मर्यादा ११२ डेसिबलची आहे, म्हणून वर ते १०७ चं गणित केलं. प्रमाणित कंपनीचाच हॉर्न घ्या आणि डबा, बिल जपून ठेवा, अडवलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं. उगाच हॉर्न वाजवला किंवा शांतता क्षेत्रात वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा हजार आणि नंतर दोन हजार दंड आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, आणि रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा तातडीशिवाय हॉर्न वाजवायचा नाही. मोठा हॉर्न बसवल्यापासून मी उलट कमी वाजवतो, एकदा वाजवला की काम होतं.

पावसाळ्याच्या आधी दरवर्षी एकदा क्लॅम्पचे नट बघा, टर्मिनलांवर व्हॅसलिनचा हात फिरवा, फ्यूज काढून त्याच्या पायांना हिरवं चढलंय का बघा. विंडटोनमधून पावसात गुळण्या केल्यासारखा आवाज आला तर त्याचं तोंड अजून थोडं खाली करा आणि दोनचार वेळा वाजवा, पाणी निघून जातं. आणि कधी रॅलीला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर फ्यूज काढायचा, ८५ आणि ८६ च्या त्या दोन वायरी परत जुन्या हॉर्नला लावायच्या, दोन क्लॅम्प सोडायचे. मला याला पंधरा मिनिटं लागतात, त्यातली दहा तर दहा नंबरचा पाना शोधण्यात जातात.